ईस्टरच्या पहाटेची यादी

मेलेली माणसं उठतात, या विषयावर मी चौतीस वर्षं बोललो. दर ईस्टरला बोललो, दर मयतीला बोललो, आणि मधल्या काळात कोणी बोलायला सांगितलं तर तेव्हाही बोललो. माझं ऐकून कोणी उठल्याचं मला आठवत नाही. उलट बसलेले पुष्कळ जण झोपले. या अंकाच्या संपादकबाईंनी ‘आपापल्या व्यवसायातले अनुभव’ मागितले तेव्हा त्यांच्या यादीत एक वकील होते, एक परिचारिका होती आणि एक विहिरी खणणारे होते. विहीर खणणाऱ्याला निदान पाणी लागलं की नाही हे सांगता येतं. पाळकाच्या कामाचा निकाल लागतो तो मेल्यावर, आणि तो मागे राहिलेल्यांना कळवायची सोय नाही. तरी बाईंनी आग्रह केला म्हणून लिहितो आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी धंदा समजावून सांगतो. याला धंदा म्हटलेलं आमच्या मंडळींना आवडणार नाही, पण मी आता निवृत्त आहे आणि डहाणू रोडला दोन खोल्यांत सुखाने राहतो. तर, रविवारी काय बोलायचं हे पाळक ठरवत नाही. कोणत्या रविवारी शास्त्रातला कोणता पाठ वाचायचा याचा छापील तक्ता असतो. ईस्टरच्या आसपास त्यात ठरलेले पाठ येतात: एका खोऱ्यात पडलेल्या सुक्या हाडांना मांस चढतं, तो, चार दिवस कबरेत असलेला लाजर चालत बाहेर येतो, तो, आणि पहाटे बाया कबरेशी जातात तर कबर रिकामी, तो. तक्ता तीन वर्षांनी फिरून तिथेच येतो, आणि मुरलेला पाळक तीन वर्षांपूर्वीची वही काढतो. मंडळी तीच असते, पण ती विसरलेली असते यावर आमचा सगळा भरवसा.

प्रवचनाची कृतीही ठरलेली आहे. तीन मुद्दे, एक गोष्ट आणि शेवटी थोडा ओलावा. नव्या जीवनाबद्दल बोलायचं तर उदाहरणंही तीनच: अंड्यातून पिल्लू, सुरवंटातून फुलपाखरू आणि मातीतून रोप. एकदा मुंबईहून आलेले एक पाहुणे उपदेशक आमच्याकडे अंडं हातात धरून बोलले. या निर्जीव कवचातून प्रभू जीवन काढतो, असं म्हणून त्यांनी ते अंडं पहिल्या रांगेतल्या म्हातारीच्या हातात दिलं. म्हातारीने ते कानाशी हलवून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “हे उकडलेलं हाय.” पाहुण्यांना ते सकाळी लॉजवर न्याहरीत मिळालं होतं. त्यांनी पुढचे दोन मुद्दे कसे पुरे केले ते त्यांनाच ठाऊक.

त्या पाहुण्यांना मी पुष्कळ वर्षं हसलो. माझी पाळी यायची होती.

मी मूळचा नगरकडचा. आमच्याकडे घरटी एक पाळक किंवा एक शिक्षक, त्यामुळे बोलायची खुमखुमी रक्तातच. दोन हजार चौदाच्या पावसाळ्यात माझी बदली तलासरीच्या अलीकडच्या एका देवळात झाली; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. देऊळ म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना भिंती आणि चौथ्या बाजूला कुडाची ताटी. मंडळीतली पंचवीस-तीस घरं, बहुतेक वारली आदिवासींची. एकाच घरात थोरला भाऊ गावदेवाला कोंबडं देणारा आणि धाकटा देवळात येणारा, असं सर्रास. त्याचं कुणालाच काही वाटत नसे. मला वाटत असे. लहानथोर सगळे मला ‘तू’ म्हणायचे, कारण त्यांच्या बोलीत साहेबालाही तूच म्हणतात. मीच तेवढा रागवायचो. मोठ्या मंडळींत गाजलेली माझी प्रवचनं या लोकांसमोर करायची म्हणजे, मी मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय. यातलं गाढव कोण हे कळायला मला चार वर्षं लागली.

पहिल्या ईस्टरला मी बियांचं उदाहरण घेतलं. शेतकरी माणसं आहेत, पटकन कळेल, हा माझा हिशेब. सगळीकडे राब भाजणं, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, चाललेलं, देवळात धुराचा वास येत होता. मी हात पसरून सांगितलं की पेरलेलं बी आधी मातीत मरतं आणि मगच त्यातून रोप उगवतं. मागच्या तीन मंडळींत या वाक्याला माना डोलल्या होत्या. इथे कुणाची मान हलली नाही. काही जण एकमेकांकडे बघत होते.

उपासना संपल्यावर सुकरी माझ्याकडे आली. तिशीची बाई, दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, आशागडच्या एका वाडीत चिकू निवडायच्या कामाला जायची. तिच्या मागे तिचा नवरा जेठ्या, नेहमीसारखा गप्प आणि हसरा. मला वाटलं, प्रार्थना मागायला आली असेल.

“पाळकबाबा, तू कधी पेरलंस का?” तिने विचारलं.

मी नाही म्हणालो.

“मेलेलं बी उगवत नाय. पेरायच्या आधी आम्ही मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट असतं ते वर तरंगतं, ते कोंबडीला. जिवंत असतं ते तळाला बसतं, ते पेरतो.”

तिचा सूर तक्रारीचा नव्हता. चुकून उलटा सदरा घातलेल्या माणसाला आपण सांगतो तसं ती सांगत होती. यावर मी काय उत्तर दिलं ते लिहायला आज लाज वाटते. शास्त्रातलं बी वेगळं असतं, असं मी तिला म्हणालो. जेठ्या हसायला लागला आणि तिने त्याला कोपराने ढोसलं.

त्याच वर्षी नारळी पौर्णिमेनंतर जेठ्या बोटीवर गेला. आमच्या भागातले पुष्कळ गडी गुजरातच्या बंदरांत मच्छीमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट चालवणारा तो तांडेल, बाकीचे खलाशी. आठ महिने दर्यावर, मग पावसाळ्यात घरी भातलावणीला. पाण्यावरची सरहद्द कुठे रेघ मारून दाखवलेली नसते, त्यामुळे एखादी बोट तिकडे जाते, पलीकडचे लोक ती धरतात आणि खलाशी तिकडच्या तुरुंगात जातात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे जातात.

दिवाळीनंतर बोटमालकाच्या माणसाचा फोन तलासरीच्या दुकानदाराकडे आला. बोट वादळात बुडाली, फळ्या सापडल्या, माणूस कोणी उरला नाही, असा निरोप. धरलेल्या बोटींच्या खलाशांची यादी आली होती, तीत जेठ्याचं नाव नव्हतं. म्हणजे बुडाला.

सुकरीने बांगड्या फोडल्या नाहीत. चिकू निवडायला जायची, रविवारी देवळात यायची आणि जेठ्याचा विषय काढला की तो येईल असं सांगायची. जेठ्याचा थोरला भाऊ माहद्या गावदेव मानणारा. त्याने रीतीप्रमाणे पाड्यावरच्या भगताला बोलावलं. भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहिले आणि सांगितलं, हा मेलेल्यांत दिसत नाही, याचा दिवस घालता येणार नाही. दिवस घालणं म्हणजे मेलेल्याचा शेवटचा विधी. तो झाल्याशिवाय त्यांच्यात माणूस पुरता मेलेला धरत नाहीत.

हे कळल्यावर मी लगेचच्या रविवारी अंधश्रद्धेवर बोललो. सुपातल्या दाण्यांवर विश्वास ठेवणाऱ्या अडाणी लोकांची मी यथास्थित हजेरी घेतली. त्याच्या पुढच्या रविवारी तक्त्याप्रमाणे मी सुक्या हाडांना मांस चढल्याचं सांगितलं, आणि यात काही विसंगत आहे असं मला वाटलं नाही.

आणि मग माहद्या माझ्याकडे आला. ज्याने देवळाची पायरी कधी चढली नव्हती तो बाहेर चपला काढून अदबीने उभा राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आमचा भगत दिवस घालू देत नाही, तर तुमच्या देवळात तरी काय ते करा. जेठ्या मेला हे एकदा ठरलं की सुकरी माहेरी जाईल, तिला मूलबाळ नाही, आणि त्या घरात माझा लेक राहील. लेकाचं लग्न ठरलंय. एवढं सगळं त्याने न लपवता सांगितलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची आज सोय आहे. पण मला सगळं माहीत होतं.

आमच्याकडे एक प्रथा आहे. ईस्टरच्या पहाटे उजाडायच्या सुमारास सगळी मंडळी कबरस्तानात जमते. वर्षभरात जे वारले त्यांची नावं पाळक यादीतून वाचतो, एकेका नावाला त्याच्या घरचे कबरेवर मेणबत्ती लावतात, आणि मग पुनरुत्थानाचं प्रवचन होतं. कामातली मला मनापासून आवडणारी गोष्ट ती एकच. त्या वर्षी मुंबईहून आमचे वरिष्ठ येणार होते. आमच्या कमिटीचे चिटणीस सॅमसनभाई, उंबरगावकडून येऊन स्थायिक झालेले, त्यांना मंडळीचं रजिस्टर स्वच्छ हवं होतं. ना जिवंत ना मेलेला असा माणूस रजिस्टरात कुठल्या रकान्यात घालायचा, हा त्यांचा प्रश्न. शिवाय त्या वर्षी मंडळीत दोनच मयती झालेल्या, दोघेही नव्वदीचे, झोपेत गेलेले. त्यांच्यावर काय बोलणार? तरुण खलाशी, दर्यात नाहीसा झालेला, मागे तरुण बायको. खरं ते सांगून टाकतो. माझ्या प्रवचनाला एक मयत हवी होती.

मी सुकरीला समजवायला गेलो. ती अंगणात बसली होती. दुःख स्वीकारल्याशिवाय सांत्वन मिळत नाही वगैरे जे मी पन्नास घरांत बोललो होतो ते तिच्याही घरात बोललो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मेलेलं वर येतं,” ती म्हणाली. “दर्या मेलेलं पोटात ठेवत नाय. गुजरातपासून डहाणूच्या आगरपर्यंत कुठे तो वर आला का, सांग. नाय आला. मग तो जिवंत हाय.”

मी हसलो. दयाळूपणाने हसलो, जे जास्त वाईट. बाई भाताच्या बियाणाचा नियम माणसाला लावते आहे, हे घरी जाऊन मी बायकोला गंमत म्हणून सांगितलं. माझी बायको हसली नाही. तुम्ही तिला दुसरा कोणता नियम दिलात, एवढंच तिने विचारलं आणि ती भाजी चिरायला बसली.

देवळातलं एक जुनं सागाचं बाक मोडलं होतं, त्याच्या फळीचा क्रूस करून घेतला. त्यावर जेठ्याचं नाव रंगवलं आणि कबरस्तानाच्या कोपऱ्यात तो रोवला, खाली कोणी नसताना. ईस्टरच्या पहाटे मी यादी वाचली. पहिली दोन नावं झाली, मेणबत्त्या लागल्या. तिसरं नाव मी वाचलं. सुकरीच्या हातात सॅमसनभाईंनी आधीच मेणबत्ती दिली होती. ती क्रूसाकडे गेली नाही. ती सरळ माझ्यासमोर आली.

“हे नाव काढ,” ती म्हणाली. “तू त्याला मेलेला बघितलंस का?”

सगळी मंडळी ऐकत होती, वरिष्ठ पहिल्या रांगेत उभे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला सांत्वन मिळावं म्हणून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. कोंडीत सापडलेल्या पाळकाचं हे हमखास शस्त्र आहे, कारण प्रार्थना चालू असताना कुणाला मध्ये बोलता येत नाही. ती माझ्या हाताखालून निघून गेली. मेणबत्ती तिने कुंपणाच्या दगडावर ठेवली, न पेटवलेली. मग मी प्रवचन केलं. लाजराच्या बहिणी, चार दिवसांची कबर, दर्याचं खोल पाणी, सगळं जुळून आलं. बायका रडल्या. वरिष्ठांनी डोळे पुसले आणि माझा हात हातात घेऊन सांगितलं की असं पुनरुत्थान त्यांनी ऐकलं नव्हतं. चौतीस वर्षांतलं माझं सर्वोत्तम प्रवचन तेच.

आठवड्याभरात माहद्या दाखला मागायला आला. मंडळीच्या कागदावर मी लिहून दिलं की सदर इसम मृत असून त्याचा विधी आमच्या देवळात झाला आहे. खाली सही, शिक्का. सरकारदरबारी त्या कागदाला काही किंमत नव्हती, पण पाड्यावरच्या चार जाणत्यांपुढे तो पुरला. सुकरीला घर सोडावं लागलं. ती आशागडच्या पलीकडे आईकडे राहायला गेली. बांगड्या हातात होत्याच.

देवळात तिने येणं सोडलं. मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना सुटायच्या वेळी, ती शेअर जीपने यायची आणि ताटीच्या बाहेर उभी राहायची. लोक बाहेर पडले की मला विचारायची, “नाव काढलंस?” मी नाही म्हणायचो. कधी कमिटीचं कारण सांगायचो, कधी देवाच्या इच्छेचं. ती परत जायची. दोन वर्षं तिने एकही महिना चुकवला नाही. मला पहिल्या रविवारची धास्ती वाटू लागली. एकदा तर ती दिसताच मी मागच्या बाजूने घरी गेलो. नव्या जीवनाचा उपदेशक एका चिकू निवडणाऱ्या बाईला घाबरून परसातून पळतो, हे दृश्य ज्या कोंबड्यांनी पाहिलं त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, एवढीच कृपा.

दोन हजार अठराच्या ज्येष्ठात जेठ्या परत आला.

तलासरी नाक्यावरच्या चहावाल्याने मला ते सांगितलं आणि मी त्याला म्हणालो, दुसरा कोणीतरी असेल. म्हणजे तेव्हाही माझा पहिला शब्द हाच. मग हळूहळू सगळं कळलं. बोट बुडाली हे खरं. हा एका फळीला धरून राहिला, दुसऱ्या बोटीने त्याला उचललं, आणि दुसऱ्याच दिवशी ती बोट तिकडच्या लोकांनी धरली. तिच्या खलाशांच्या कागदावर याचं नाव असायचं कारणच नव्हतं, म्हणून इकडे कुणाला पत्ता लागला नाही. अडीच वर्षांहून जास्त काळ तो तिकडच्या तुरुंगात होता. सुटलेल्या खलाशांबरोबर सरहद्द ओलांडून गुजरातला आला आणि तिथून एसटीने तलासरीला. आधी तो आपल्या घरी गेला. तिथे माहद्याची सून दार उघडायला आली. तिने याला कधी पाहिलेलं नव्हतं. तुम्ही कोण, असं तिने विचारलं, आणि याने नाव सांगितल्यावर तिने दार लावून घेतलं, कारण त्या नावाचा माणूस मेलेला आहे हे तिला सासऱ्याने कागदासकट सांगितलं होतं.

त्या रविवारी मी काय करावं? उभं राहून चुकलो म्हणावं. मी उभा राहिलो आणि चमत्कारावर बोललो. प्रभूने आपल्या मंडळीत जिवंत लाजर आणून दिला, असं मी सांगितलं. माझी चूक मी देवाच्या नावावर खपवली आणि वर त्याचं श्रेयही थोडं स्वतःकडे ठेवलं. पडलो तरी नाक वर. सॅमसनभाईंनी मंडळीच्या मासिकासाठी मजकूर मागितला. मागच्या बाकावरून एक म्हातारा उठून बाहेर गेला आणि विडी ओढत बसला. त्याच्याइतका प्रामाणिक श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

तीन दिवसांनी मी सुकरीच्या आईच्या घरी गेलो. जाताना वाटेत काय बोलायचं त्याचे तीन मुद्दे केले होते. अंगणात सुकरी घमेल्यात मिठाचं पाणी घेऊन भाताचं बी निवडत होती. जेठ्या ओट्यावर बसला होता, फार वाळलेला, दाढी पांढरी झालेली. मला बघून तो तसाच हसला.

“माझ्यावर काय बोललास तू?” त्याने विचारलं. “सगळे सांगतात लय भारी बोललास.”

मला वाटलं तो टोमणा मारतोय. पण त्याला खरंच ऐकायचं होतं. मी सांगितलं: कष्टाळू होता, कुणाशी भांडला नाही, बायकोवर जीव होता. जेठ्या मन लावून ऐकत होता.

“मी होतो तेव्हा हे कधी नाय बोललास,” तो म्हणाला.

मग मी माफी मागितली. तीन मुद्दे राहिले बाजूला, चुकलो एवढंच म्हणालो. सुकरीने हात थांबवले नाहीत. वर आलेलं पोचट बी ती ओंजळीने काढून बाजूला टाकत होती.

“माफी नको,” ती म्हणाली. “तू कागद लिहिलास, आता तोच खोडून ये. मला माझ्या घरात जायचंय.”

मी दुसरा कागद लिहिला. सदर इसम जिवंत असून आधीचा दाखला चुकीचा होता, असं सही-शिक्क्यानिशी. तो घेऊन जेठ्या आणि सुकरीबरोबर माहद्याकडे गेलो. पाड्यावरची चार जाणती माणसं आली होती, भगतही होता. माहद्याने माझे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“दोन्ही तुझेच,” तो म्हणाला. “आता यातला कोणता खरा मानू?”

भगताने माझी कीव केली असावी. त्याने जेठ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की कागद राहू द्या, माणूस समोर बसलाय. ज्याला मी भर देवळात अडाणी ठरवलं होतं त्याने माझी अब्रू झाकली. पण घर पुरतं परत मिळालं नाही. माहद्याच्या लेकाचा संसार तिथे मांडला गेला होता, सून पोटुशी होती. मधे कूड घालून अर्धं घर सुकरीला मिळालं. अजूनही ते अर्धंच आहे. चूल तिने ओसरीत मांडली आहे, आणि पावसात ती विझते. हे माझ्यामुळे, आणि यावर माझ्याकडे प्रवचन नाही.

क्रूसाचंही सांगायला हवं. जेठ्याने एके दिवशी कबरस्तानात जाऊन तो उपटला आणि घरी नेला. अंगणात दुधीचा वेल चढायला त्याला आधार हवा होता. सॅमसनभाई संतापले. पवित्र वस्तू, मंडळीची मालमत्ता, परत आणावी. मला मध्यस्थी करायला पाठवलं. जेठ्याने शांतपणे फळीवरचं नाव दाखवलं आणि विचारलं, “नाव कोणाचं हाय?” मी परत येऊन कमिटीला कळवलं की मालकी स्पष्ट आहे. त्या हंगामात आमच्या घरी दोन दुधी आले. बायकोने त्यांची भाजी केली. ती मी मान खाली घालून खाल्ली.

दोन हजार एकोणीसचा ईस्टर माझ्या नोकरीतला शेवटचा. पहाटे कबरस्तानात सगळे जमले. आभाळ नुकतं फटफटत होतं, समोरच्या डोंगरावर राबांचा धूर. यादीत पाच नावं होती. सुकरी आणि जेठ्या दोघेही आले होते. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच कुंपणाच्या आत आली होती. मी यादी उघडली आणि चष्मा लावला, तोच ती पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिने कागदावर बोट ठेवलं.

“यातले सगळे मेलेत ना?” तिने विचारलं. “तू बघितलंस?”

कोणी हसलं नाही. सॅमसनभाई माझ्याकडे बघत होते की आता मी प्रार्थना सुरू करीन. मी यादी पुन्हा वरून वाचली, मनातल्या मनात, एकेक नाव. पहिला म्हातारा, त्याला माती देताना मी होतो. दुसरा, तिसरी, चौथा, तेही पाहिले होते. पाचवं नाव मंजुळाबाईंचं. त्या लेकीकडे गुजरातला गेल्या होत्या आणि तिकडेच वारल्या असं फोनवर कळलं होतं. कुणाच्या फोनवर, ते मला आठवेना.

चौतीस वर्षं मी लोकांना न पाहता विश्वास ठेवायला सांगत आलो होतो. मी खिशातलं पेन काढलं, यादी तळहातावर धरली आणि पाचवं नाव खोडलं.

“चार बघितलेत,” मी सुकरीला म्हणालो.

“मग चार वाच,” ती म्हणाली, आणि जेठ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.